कलिंगडांच्या गाडीपुढचा घोडा

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे. शेपटी आणि आयाळ शोधू नका, सापडणार नाहीत. रंगारी ज्याच्यावर चढून भिंत रंगवतात, सुतार ज्याच्यावर चढून खिळा ठोकतात, तसला मी लाकडी घोडा. चार पाय, दोन पायऱ्या आणि वर उभे राहायला एक फळी. डॅन्यूब नदीच्या काठी आमचे गाव आहे. तिथल्या चित्रदालनात मी साठ वर्षे नोकरी केली. अजूनही करतो, पण आताची नोकरी वेगळी आहे. ती कशी बदलली, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

मूळचा मी तुतीचे झाड. दालनाच्या अंगणात उभा होतो. माझी फळे पायऱ्यांवर पडत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट जांभळे होत, म्हणून मला तोडले. पेंचो नावाच्या सुताराने माझ्या खोडाच्या फळ्या पाडल्या. पेंचो फारसा बोलत नसे. काम झाल्यावर त्याने मला फरशीवर ठेवले, स्वतः वर चढला, तीनदा जोरात उड्या मारल्या आणि खाली उतरून म्हणाला, “चला, हा लाथ मारणार नाही.” तेच माझे बारसे.

सुरुवातीची वर्षे कष्टाची होती. माझ्यावर चढून दिवे बदलत, पडदे काढत, चौकटींवरची धूळ झटकत. मला माणसांची ओळख पटायची ती तळपायांवरून. पेंचो टाच आधी टेकवायचा. वीजवाला चवड्यांवर उभा राहायचा, जणू मी तापलेला तवा होतो. कुणी मला शाबासकी दिली नाही, पण माझ्यावरून कुणी पडलेही नाही. घोड्याला तेवढा अभिमान पुरतो.

मग आमच्याकडे त्सोन्का आली.

त्सोन्का दालनाची राखणदार. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, पायांत जाड लोकरी सपाता. ती तिकिटे फाडायची, हिवाळ्यात कोपऱ्यातल्या लोखंडी शेगडीत कोळसा घालायची आणि उरलेल्या वेळात खुर्चीवर बसून मोजे विणायची. शाळा तिने सातवीत सोडली होती. पण रोज चित्रांमध्ये बसून बसून तिला त्यांची सवय झाली होती. सकाळी कुलूप उघडून आत आली, की ती भिंतीवरच्या दाढीवाल्या व्यापाऱ्याला म्हणायची, “काय मालक, झोप झाली का?”

दर गुरुवारी बालवाडीची मुले यायची. त्यांच्या शिक्षिका मिलेवाबाई त्यांना एका लांब दोरीला धरून रांगेत आणायच्या. दाराशी प्रत्येकाच्या बुटांवर मोठ्या माणसांच्या मापाच्या सपाता चढवल्या जात, कारण आमची लाकडी जमीन जपायची असे. मग ती बावीस मुले बर्फावरून घसरत आल्यासारखी आत येत. आत येऊन त्यांना काय दिसे? काही नाही! आमचे दालन म्हणजे एका जुन्या व्यापाऱ्याचे घर. भिंतींना खालून मोठ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीपर्यंत लाकडी फळ्या मारलेल्या आणि चित्रे त्यांच्या वर. मुलांना दिसायच्या फळ्या, आणि मान वर केली तर चौकटींचे खालचे काठ.

“मावशी, चित्रं कुठायत?” एकदा एका मुलाने विचारले.

“वर आहेत, राजा.”

“मग आम्ही इथं का आलोय?”

त्सोन्काने त्याला काखेत धरून उचलले. एकाला उचलल्यावर बाकी एकवीस जण हात वर करून उभे राहिले. त्या संध्याकाळी ती कमरेला हात लावून घरी गेली. पुढच्या गुरुवारी मुले यायच्या आधी तिने मला कोपऱ्यातून ओढले, ओल्या फडक्याने पुसले आणि ‘कलिंगडांची गाडी’ या चित्रापुढे नेऊन ठेवले.

“ऐका सगळे,” ती मुलांना म्हणाली. “हा आपला घोडा. एकेकानं वर चढायचं. हात पाठीमागं. बघायचं, आणि जे दिसेल ते मोठ्यानं सांगायचं. चित्राला बोट लावणाऱ्याला मी खिडकीतून नदीत टाकीन.”

“नदी लांब आहे,” एक मुलगा म्हणाला.

“माझा हात त्याहून लांब आहे.”

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले, की मी कशासाठी जन्मलो. इतके हलके पाय माझ्यावर कधी पडले नव्हते. ते स्थिर राहत नसत. काही आश्चर्याचे दिसले, की पावलांची बोटे आवळली जात आणि ते मला फळीतून कळे. आणि काय काय विचारायची ती मुले! व्यापाऱ्याच्या चित्रात त्याला पाय का नाहीत? तो चौकटीच्या खाली कुठे संपतो? नदीच्या चित्रातले पाणी पुढच्या भिंतीवर का जात नाही? मार्च महिना होता. आमच्याकडे मार्चमध्ये सगळे मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतात आणि पहिला करकोचा दिसला की सोडतात. एकाने विचारले, “या कलिंगडवाल्याच्या हातात दोरा का नाही?” दुसरा लगेच म्हणाला, “वेडा आहेस का? कलिंगडं आली म्हणजे करकोचे कधीच येऊन गेले!”

त्सोन्काला उत्तरे येत नसत. मग ती दालनाच्या संचालकांकडे, ग्युरोवसाहेबांकडे जायची. ग्युरोवसाहेब विद्वान माणूस. उंच, सडपातळ, कायम राखाडी कोट. आमच्याच गावच्या, केव्हाच वारलेल्या एका चित्रकाराने ‘कलिंगडांची गाडी’ काढली होती आणि साहेबांनी त्या एका चित्रावर एकशे चाळीस पानांचे पुस्तक लिहिले होते.

“त्सोन्काबाई,” ते चष्मा पुसत म्हणायचे, “हे चित्रदालन आहे. बालवाडी नाही.”

“साहेब, गुरुवारी दहा ते अकरा बालवाडी आहे. बाकी वेळ तुमचंच दालन.”

“आणि तो घोडा तिथं बरा दिसत नाही.”

“तो दिसायला ठेवलेला नाही, साहेब. दाखवायला ठेवलाय.”

साहेबांना घोडा आवडला नव्हता, पण त्सोन्काशी वाद घालणे त्याहून आवडत नव्हते.

आता चित्राबद्दल सांगतो. बाजाराचा दिवस, मधोमध कलिंगडांनी भरलेली गाडी, एक विक्रेता सुरी घेऊन उभा, दोन बाया भाव करताहेत. चित्र सुंदर होते, पण शेगडीच्या धुराने वर्षानुवर्षे काळवंडत गेले होते. लाल कलिंगडे विटांच्या रंगाची झाली होती. गाडीच्या खाली, दोन चाकांच्या मध्ये, तर नुसता काळोख. चित्र साफ करायला राजधानी सोफियाहून जाणकार बोलवायचे, असे अकरा वर्षे घाटत होते. दर वर्षी पत्र जायचे आणि दर वर्षी ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे उत्तर यायचे.

त्याच मार्चमध्ये बालवाडीत नेदा नावाची मुलगी आली. पाच वर्षांची. तिचे वडील नदीवर मालाच्या होड्या हाकायचे आणि आईही त्यांच्याबरोबर असायची, म्हणून ती आजीजवळ राहायला आली होती. नेदा माझ्यावर चढली की उतरत नसे. बाकीची मुले मधले कलिंगड पाहून “लाल!” म्हणायची आणि उडी मारायची. नेदाचे डोळे माझ्यावर चढूनही चित्राच्या खालच्या काठापर्यंतच पोहोचायचे, कारण ती वर्गात सगळ्यांत बुटकी. तिच्यासमोर बरोबर गाडीची चाके यायची.

“मावशी, गाडीखाली कोण आहे?”

त्सोन्का वाकली. “काळोख आहे, बाळा.”

“काळोखात कोण आहे?”

त्सोन्काने चष्मा लावला, पुन्हा पाहिले. “मला तर कुणी दिसत नाही.”

“ती बघतेय.”

“कोण?”

“माहीत नाही. तिनं सांगितलं नाही.”

मागे उभी असलेली मुले कंटाळली. पण त्सोन्काने तिला उतरवले नाही. तेवढ्यात ग्युरोवसाहेब खोलीतून जात होते, त्यांनाच तिने थांबवले. साहेबांनी खाली न वाकताच पाहिले.

“सावली आहे ती, बाळ. गाडीची सावली. मी या चित्रावर पुस्तक लिहिलंय.”

“मग त्यात तिचं नाव असेल ना?” नेदाने विचारले.

मिलेवाबाईंनी खोकल्याचे निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. साहेब कोट सावरत निघून गेले. त्या दिवशी त्सोन्का मुले गेल्यावर स्वतः माझ्या खालच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ चित्राकडे पाहत राहिली. “छे,” ती शेवटी म्हणाली आणि उठून शेगडीत कोळसा घातला.

पुढच्या गुरुवारी जे झाले, त्याचा साक्षीदार एकटा मी. पण लाकडाची साक्ष कोण घेतो?

नेदा माझ्यावर होती. त्सोन्का तिच्या शेजारी उभी होती. इतक्यात पलीकडे एक मुलगा सपातांवरून घसरला, सरळ शेगडीच्या दिशेने. त्सोन्का धावली आणि तिने त्याला कॉलर धरून थांबवले. अगदी करायला हवे तेच तिने केले. पण तेवढ्या वेळात नेदाने खिशातून रुमाल काढला. त्याचे टोक जिभेवर ओले केले, बोटाला गुंडाळले, आणि गाडीखालच्या काळोखावर हळूहळू पुसू लागली. तिच्या पावलांची बोटे आवळलेली नव्हती. ती अगदी शांत उभी होती.

“नेदा!” मिलेवाबाई किंचाळल्या.

नेदा दचकली. तिचा पाय सपातेत अडकला आणि ती मागे कलंडली. मी माझे चारही पाय जमिनीत रोवून धरले, पण घोड्याला हात नसतात. त्सोन्काने तिला अधांतरी झेलले, तरी हनुवटी माझ्या पायरीवर आपटली आणि रक्त आले. रक्त पाहून बाकीची मुले रडायला लागली. नेदा मात्र चित्राकडेच पाहत होती.

ग्युरोवसाहेब आले. बटणाएवढा ओला डाग पाहून त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

“कुणी केलं हे?”

“मी,” नेदा म्हणाली. “तिचं तोंड मळलं होतं. माझं मळलं की आजी असंच पुसते.”

कुणीही हसले नाही. साहेबांचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की सगळी खोली ऐकू लागली. “मिलेवाबाई, मुलांना घेऊन जा. त्सोन्काबाई, तुम्ही कुठं होतात?”

त्सोन्काला सांगता आले असते, की दुसरे पोर शेगडीत पडत होते. ती फक्त म्हणाली, “पोरीला घोड्यावर मी चढवलं आणि पाठ मी फिरवली. पोरीला काही बोलू नका, साहेब.”

त्याच दुपारी तीन गोष्टी ठरल्या. दहा वर्षांखालच्या मुलांना दालनात प्रवेश नाही. सोफियाहून जाणकार येऊन नुकसान किती ते सांगतील, तेव्हा त्सोन्काला ठेवायचे की काढायचे ते दालनाची समिती ठरवेल. आणि तो घोडा तळघरात.

मित्रांनो, तळघर ही वाईट जागा नाही, पण तिथे कुणी काही विचारत नाही. माझ्या एका बाजूला कोळशाचा ढीग होता, दुसऱ्या बाजूला मोडक्या चौकटी आणि नाक तुटलेला एक प्लास्टरचा पुतळा. ओलीने माझा एक पाय फुगला. गुरुवारी सकाळी दहा वाजता मी वरच्या जमिनीकडे कान लावून असायचो. मोठ्यांच्या सपाता हळू सरकत जायच्या, फस्स, फस्स. बारकी पावले नव्हती.

त्सोन्का कोळसा न्यायला खाली यायची. एकदा ती माझ्यावर बसली. तिने कागदातून बनित्सा काढली. चीज घातलेला तो पापुद्र्यांचा रोट तिला फार आवडायचा. एक घास खाऊन तिने उरलेली परत गुंडाळून ठेवली.

“मला काढलं तर काढलं रे,” ती म्हणाली. माझ्याशी बोलत होती की पुतळ्याशी, कोण जाणे. “पण त्या पोरीला वाटायला नको, की विचारलं म्हणून हे झालं.”

सोफियाहून पत्र आले तेव्हा त्यात ‘पुढच्या वर्षी’ नव्हते. चित्राला इजा झाली म्हटल्यावर अकरा वर्षांचे काम तीन आठवड्यांत झाले. एप्रिलमध्ये बिल्यानाबाई आल्या. जुनी चित्रे दुरुस्त करणाऱ्या त्या बाई चणीने बारक्या, केस आखूड, हातात औषधांची पेटी. खोलीत शिरल्या, चित्र पाहिले आणि म्हणाल्या, “एवढं उंच का टांगलंय? उभं राहायला काहीतरी द्या बघू.”

दालनात दुसरे काही नव्हते. त्सोन्का तळघरात धावत आली. वर नेताना ती मला म्हणाली, “नीट उभा राहा हं. तुझीमाझी दोघांची भाकरी आहे.”

माझा फुगलेला पाय डुगडुगत होता. तिने त्याखाली पुठ्ठ्याची घडी घातली. बिल्यानाबाई चढल्या. भिंग लावून त्या डागाकडे इतका वेळ पाहत राहिल्या, की ग्युरोवसाहेबांनी दोनदा घसा खाकरला.

“नुकसान आहे,” त्या म्हणाल्या. “तिळाएवढा रंग उडालाय.”

त्सोन्काने डोळे मिटले.

मग बिल्यानाबाईंनी पेटीतून एक काडी काढली, तिच्या टोकाला कापूस गुंडाळला आणि तो कापूस सरळ तोंडात घातला. ओला करून त्यांनी तो डागाच्या कडेने अलगद फिरवला. कापूस काळाभोर झाला.

“अहो बाई!” साहेब ओरडले. “थुंकी लावताय?”

“आम्ही सगळेच लावतो. कोमट असते, सौम्य असते. काजळी सुटते आणि चांगला रंग जागेवर राहतो. कुणी पुसलं होतं हे?”

“पाच वर्षांची मुलगी. रुमालानं.”

“रुमालानं! तीच चूक. कापड घासतं. कापूस फिरवायचा असतो. आणि न विचारता तर कुणीच हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही.” त्यांनी दुसरी काडी घेतली. मग तिसरी. मग एकदम थांबल्या. त्यांच्या पायांची बोटे माझ्या फळीवर आवळली गेली. मोठ्या माणसाची बोटे अशी आवळलेली मी तेव्हाच पहिल्यांदा अनुभवली.

“साहेब,” त्या हळूच म्हणाल्या, “तुम्ही या चित्रावर पुस्तक लिहिलंय ना? मग मला सांगा, ही कोण?”

काळोखात एक गाल उजळला होता. गालावर रुमालाने उडवलेला तिळाएवढा पांढरा ठिपका होता आणि त्याच्या वर एक डोळा, सरळ समोर पाहणारा.

पुढे नऊ दिवस चित्र भिंतीवरून उतरवून टेबलावर ठेवले होते. बिल्यानाबाई काम करायच्या आणि ग्युरोवसाहेब खुर्ची ओढून शेजारी बसायचे. पहिल्या दिवशी ते खूप बोलले. हे नंतर कुणीतरी भर घालून काढलेले असेल, चित्रकाराच्या वहीत याची नोंद नाही, वगैरे. तिसऱ्या दिवशी बोलणे थांबले. पाचव्या दिवशी दुसरा डोळा आला, मग विस्कटलेले केस, मग हातात धरलेली कलिंगडाची साल, दातांनी पांढऱ्यापर्यंत कुरतडलेली. गाडीखाली, चाकांच्या मध्ये, मातीत बसलेली एक लहान मुलगी. विक्रेत्याची असेल, नाहीतर कुणाचीच नसेल. अख्खा बाजार एकमेकांशी बोलण्यात दंग होता आणि ती एकटी चित्राबाहेर पाहत होती.

“पण इतकी खाली का काढली तिला?” साहेब म्हणाले. “कुणाला दिसणार?”

बिल्यानाबाईंनी मान वर केली नाही. “तिच्या उंचीचं कुणी आलं, तर दिसेल की.”

त्या संध्याकाळी साहेब टोपी हातात घेऊन नेदाच्या आजीच्या घरी गेले. आजीने दार उघडले. पोरीच्या नावाने आता समन्सच आले, असे तिला वाटले. “दंड काय असेल तो माझ्यावर लावा,” ती म्हणाली. “रुमाल माझा, थुंकी लावायची खोडही माझीच.” साहेबांनी दंडाची गोष्ट काढली नाही. त्यांनी नेदाला विचारले, की तुला ती कशी काय दिसली. नेदा खांदे उडवून म्हणाली, “मी बघत होते, तर ती पण बघत होती.” हे सगळे त्सोन्काला त्या आजीनेच बाजारात सांगितले आणि त्सोन्काने मला.

पुढच्या गुरुवारी दहा वाजता तेवीस जोड सपाता पुन्हा घसरत आत आल्या. प्रवेशबंदीची पाटी दारावरून गेली होती. समितीच्या बैठकीत काय झाले ते मला माहीत नाही. मी एवढेच पाहिले, की साहेब त्सोन्काच्या खुर्चीजवळ गेले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, “त्सोन्काबाई, पुस्तकात माझं एक पान कमी पडलं.”

“लिहा की मग, साहेब. हात तुमचे शाबूत आहेत.”

“आणि त्या दिवशी ते दुसरं पोर शेगडीत पडत होतं, हे तुम्ही का नाही सांगितलंत?”

“तुम्ही ‘कुठं होतात’ असं विचारलंत. ‘काय करत होतात’ असं नाही विचारलंत.”

पण मित्रांनो, माझ्यासाठी खरी बातमी वेगळी होती. साहेबांनी सुतार बोलावून त्या खोलीतली सगळी चित्रे दोन हात खाली आणवली होती. खाली, थेट लाकडी फळ्यांवर. ‘कलिंगडांची गाडी’ आता मुलांच्या छातीपासून सुरू होत होती. तेवीस मुले जमिनीवर उभी राहून सगळे काही पाहू शकत होती. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि कुणालाही माझी गरज नव्हती.

मला वाईट वाटले का? खोटे कशाला बोलू, वाटले. ज्या कामासाठी आपण जीव लावला, ते काम आपल्यावाचून होऊ लागले, की आनंद आणि दुःख एकाच पायरीवर येऊन बसतात.

नेदा चित्रापुढे उभी राहिली. हनुवटीवर बारीक व्रण होता. बिल्यानाबाई मुद्दाम त्या दिवसापर्यंत थांबल्या होत्या. साहेब, त्सोन्का, मिलेवाबाई सगळे नेदाकडे पाहत होते. नेदाने गाडीखालच्या मुलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

“हिचे पाय पण मळलेत,” ती म्हणाली.

साहेबांचा हात आपोआप तिच्या रुमालाच्या खिशाकडे गेला.

“तो चिखल आहे,” बिल्यानाबाई घाईने म्हणाल्या. “चित्रकारानं स्वतः काढलेला. तो तसाच ठेवायचा.”

“का?”

“कारण ती बाजारात अनवाणी आली होती.”

“का?”

बिल्यानाबाईंनी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी त्सोन्काकडे पाहिले. तिघांपैकी कुणालाही माहीत नव्हते.

“बसून विचार करावा लागेल,” साहेब म्हणाले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, आणि मग तो राखाडी कोटातला उंच माणूस माझ्या खालच्या पायरीवर बसला. गुडघे पार कानांपाशी आले. बसल्यावर त्यांचे डोळे नेदाच्या डोळ्यांच्या रेषेत आले. त्यांनी चित्राकडे पाहिले आणि ते बराच वेळ उठलेच नाहीत.

तेव्हापासून माझी नोकरी बदलली. आधी मी लहानांना वर नेत होतो, आता मोठ्यांना खाली आणतो. मुलांबरोबर आलेल्या मोठ्या माणसाने काही क्षण माझ्यावर बसून पाहायचे, असा त्या खोलीचा रिवाजच पडून गेला आहे. कुलगुरू बसले, नगराध्यक्ष बसले, एकदा एक जाडजूड आचारी बसला तेव्हा मला माझ्या तुतीच्या मुळांची आठवण आली. त्सोन्का तिचे वय झाल्यावर निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी तिने भिंतीवरच्या व्यापाऱ्याला “येते हं, मालक” म्हटले आणि मला मऊ मेणाने चोळून गेली. साहेबांच्या पुस्तकाला एकशे एकेचाळिसावे पान जोडले गेले. नेदा चित्रकार झाली असेल असे तुम्हाला वाटत असेल. नाही झाली. ती नदीवरचे पूल बांधते, आणि एखादे काम पुरे करण्याआधी लोकांना इतके प्रश्न विचारते म्हणे, की ते हात जोडतात.

मित्रांनो, आता माझी पायरी झिजली आहे. मला बोलायला फार वेळ उरला नाही, म्हणून मनातले सांगतो. चित्रे जपा, त्यांना हात लावू नका. त्यांची कातडी आपल्यापेक्षा नाजूक असते आणि त्यांना वैद्य क्वचितच भेटतो. पण मुलांची बघण्याची हौसही जपा. तिलाही तिळाएवढा ओरखडा पुरतो. एखाद्या लहानग्याने बोट दाखवून “तिथं काय आहे?” विचारले, तर आधी त्याच्या उंचीला या आणि मगच “काही नाही” म्हणा.

परवाच एक बाप आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन आला होता. बाप घाईत. हातातल्या फोनवर बोलत बोलत माझ्यावर बसला. समोर धुक्यातल्या नदीचे एक छोटे चित्र आहे, त्यात काठाला लागलेली रिकामी नाव.

“बाबा, नाववाला कुठं गेला?”

बापाने चित्राकडे पाहिले. मग फोन खाली घेतला.

“माहीत नाही रे,” तो म्हणाला.

आणि उठला नाही. मुलगा त्याच्या गुडघ्याला टेकून उभा राहिला, आणि दोघे मिळून धुक्यात नाववाल्याला शोधू लागले.